जुन्या खेळाडूंचा मान मालकाच्या मर्जीवर नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फुटबॉल संघाच्या मालकाविषयी पाठीराख्यांचे मत दर दोन-तीन वर्षांनी पालटते, याची हल्ली बरीच टिंगल होते. आपल्या नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात रात्री उशिरापर्यंत जागून परदेशातील सामने पाहणाऱ्या मुलांच्या तोंडी खेळाडूंइतकीच मालकांचीही नावे असतात, आणि काल ज्याच्या नावाने शंख केला त्याचेच आज गोडवे गायले जात असल्याचे ऐकून घरातली मोठी माणसे त्यांना बोल लावतात. गेली चाळीस वर्षे मी हा खेळ मनापासून पाहत आलो आहे आणि या पालटामागे निव्वळ चंचलपणा आहे असे मला वाटत नाही. संघ विकत घेणाऱ्याने किती पैसा ओतला आणि किती करंडक आणले हे पाठीराखा पाहतोच. पण आधीच्या काळी ज्यांनी त्या संघासाठी गुडघे फोडून घेतले, त्यांच्या नावाशी हा माणूस कसा वागतो हेही तो पाहत असतो, आणि बहुधा त्याचे मत तिथेच फिरते. माझे स्वतःचे मत असे एकदा सोडून दोनदा फिरले आहे, म्हणून हे पत्र.

नोकरीच्या निमित्ताने १९८५ ते १९८८ अशी तीन वर्षे मी कोलकात्यात काढली. नाशिक रोडला वाढलेल्या माझ्यासारख्याला फुटबॉल म्हणजे पावसाळ्यात शाळेच्या मैदानावरच्या चिखलात खेळायचा खेळ एवढेच ठाऊक होते. कार्यालयातील एक सहकारी पिढीजात मोहन बागानवाला, म्हणजे मोहन बागान या तिथल्या जुन्या फुटबॉल क्लबचा पाठीराखा होता आणि पहिल्याच महिन्यात तो मला सामना पाहायला घेऊन गेला. वाटेत ईडन गार्डन्सजवळ गोष्ठ पाल यांचा पुतळा लागतो. तिथे पोहोचल्यावर त्याने रस्त्याच्या कडेला चपला काढल्या, पुतळ्याला हात जोडले, आणि पुन्हा चपला पायात सरकवून तो चालू लागला. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "गोऱ्यांच्या बुटांसमोर हा माणूस अनवाणी उभा राहिला. त्याच्यासमोर मी चपला घालून कसा उभा राहू?" गोष्ठ पाल बचावफळीत खेळत. लोक त्यांना 'चीनची भिंत' म्हणत, आणि १९६२ मध्ये पद्मश्री मिळालेले ते पहिले फुटबॉलपटू ठरले. ते मैदान गाजवत होते तेव्हा माझा हा सहकारी जन्मलाही नव्हता.

२९ जुलै १९११ या दिवशी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला २-१ असे हरवून आयएफए शिल्ड ही मानाची स्पर्धा जिंकली. शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले आणि सुधीर चटर्जी वगळता संघातील दहा जण अनवाणी खेळले. ही हकीकत कोलकात्यात मला इतक्या घरांत आणि इतक्या वेळा ऐकायला मिळाली की मीही ती न अडखळता सांगू लागलो. आपल्याकडे मुलांना अष्टविनायकांची नावे पाठ असतात, तशी त्या सहकाऱ्याच्या धाकट्या मुलीला त्या अकरा जणांची नावे पाठ होती. संघ जिंकला की त्यांच्या घरी कोळंबी शिजायची आणि प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल जिंकला की शेजारच्या घरातून हिलशा माशाचा वास यायचा. या साऱ्यात क्लबचा कारभार कोण पाहतो, पैसा कोण देतो, याविषयी चकार शब्द निघत नसे.

मालक हा विषय पुढे आला तो १९९८ नंतर. त्या वर्षी एका मद्यउद्योग समूहाने मोहन बागानच्या फुटबॉल विभागात निम्मा हिस्सा घेतला आणि संघाच्या नावाआधी 'मॅकडॉवेल' हा शब्द लागला. त्याच समूहाने ईस्ट बंगालच्या नावाआधी 'किंगफिशर' लावले. लोकांनी नाके मुरडली, पण सहन केले, कारण मागचे नाव आपल्या जागी शाबूत होते. जानेवारी २०२० मध्ये मात्र जे जाहीर झाले ते या पठडीतले नव्हते. उद्योगपती संजीव गोयंका यांच्या समूहाकडे क्लबच्या फुटबॉल कंपनीतील ८० टक्के हिस्सा गेला, मूळ क्लबकडे २० टक्के उरला, आणि जुलैमध्ये संघाचे नाव 'एटीके मोहन बागान' असे ठरले. एटीके हा २०१४ मध्ये सुरू झालेला, इंडियन सुपर लीग ही देशातील मोठी स्पर्धा तीनदा जिंकलेला, परंतु त्याच शहरातला प्रतिस्पर्धी संघ होता. हिरवा-मरून रंग आणि पालाच्या नावेचे बोधचिन्ह कायम ठेवण्याचे शहाणपण दाखवले गेले, हे मान्य केले पाहिजे. तरीही १८८९ मध्ये स्थापन झालेल्या आणि त्याच हंगामात आय-लीग ही दुसरी राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेल्या क्लबच्या नावाआधी सहा वर्षांच्या संघाची तीन अक्षरे लागली, ही गोष्ट माझ्या सहकाऱ्याच्या जिव्हारी लागली. ही तीन अक्षरे निघेपर्यंत तिकीट काढणार नाही, असे त्याने मला फोनवर सांगितले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या माणसाने आपला शब्द पाळला. हजारो तरुण पाठीराख्यांनी 'रिमूव्ह एटीके' अशी मोहीम चालवली. मीही तेव्हा गोयंकांविषयी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही.

१८ मार्च २०२३ रोजी गोव्यात फातोर्डा येथे बंगळूरु एफसीविरुद्धचा इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना २-२ असा सुटला आणि टायब्रेकरवर मोहन बागानने तो जिंकला. त्याच रात्री, चषक हाती असताना, गोयंकांनी जाहीर केले की पुढच्या हंगामापासून एटीके हे नाव जाईल आणि संघ 'मोहन बागान सुपर जायंट' या नावाने खेळेल. रात्री अकराच्या पुढे सहकाऱ्याचा फोन आला. त्याला नीट बोलताही येत नव्हते. सामन्याविषयी तो एक शब्दही बोलला नाही, फक्त नावाविषयी बोलत राहिला. त्या दिवसापासून आम्हा दोघांचेही मालकाविषयीचे मत फिरले. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये ईस्ट बंगालला हरवून सतरावा ड्युरँड चषक, एप्रिल २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मुंबई सिटीला हरवून पहिली लीग शिल्ड (इंडियन सुपर लीगच्या साखळीत पहिला येणाऱ्या संघाला मिळणारी), आणि २०२४-२५ मध्ये शिल्ड व अंतिम सामन्याचा चषक अशी दोन्ही विजेतेपदे आली, तेव्हा ते मत आणखी पक्के झाले. पण माझा अनुभव असा आहे की केवळ करंडकांनी ते फिरले नसते, कारण २०२० ते २०२३ या काळातही संघ उत्तम खेळतच होता आणि तेव्हा आम्ही तोंड फिरवून बसलो होतो. मालकाने चूक मान्य करून नाव परत दिले, हे आमच्या लेखी मोठे होते.

त्यानंतर २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये संघ आशियाई स्पर्धेतील सामन्यासाठी इराणला गेला नाही आणि स्पर्धेतून बाहेर पडल्याचे धरले गेले. सुरक्षेचा प्रश्न खरा होता, खेळाडूंच्या जिवाशी खेळ करा असे कोणी म्हणणार नाही. तरीही, अनवाणी पायांनी साहेबाला भिडलेल्यांचा वारसा सांगणाऱ्या संघाने मैदानात उतरूच नये, हे अनेक पाठीराख्यांना रुचले नाही आणि मालकाविषयीची नाराजी पुन्हा सुरू झाली. माझ्या सहकाऱ्याचे मत बदलले, माझे नाही. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी लिहितो आहे त्याकडे वळतो. या सगळ्या उलथापालथीत मोहन बागानच्या जुन्या खेळाडूंचा मान एक दिवसही मालकावर अवलंबून नव्हता. २९ जुलै हा 'मोहन बागान दिन' म्हणून साजरा होतो आणि २००१ पासून 'मोहन बागान रत्न' हा सन्मान दिला जातो. पहिला मान १९५१ च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघाचे कर्णधार शैलेन मन्ना यांना मिळाला. हे सारे करते ती सभासदांची मूळ संस्था, जिच्याकडे फुटबॉल कंपनीचा फक्त पाचवा हिस्सा उरला आहे. १९६२ मध्ये जाकार्ता येथे भारताला आशियाई सुवर्ण मिळवून देणारे कर्णधार चुनी गोस्वामी आपली संपूर्ण क्लब कारकीर्द मोहन बागानकडून खेळले. ते ३० एप्रिल २०२० रोजी गेले आणि २०२३ च्या बंगाली नववर्षदिनी क्लबच्या प्रवेशद्वाराला त्यांचे नाव देण्यात आले. त्या द्वाराचे उद्घाटन सुनील गावसकर यांच्या हस्ते झाले, हे आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. गोस्वामी क्रिकेटही खेळत, आणि १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईसमोर उभ्या राहिलेल्या बंगालचे ते कर्णधार होते. मुंबईच्या फलंदाजाने कोलकात्याच्या फुटबॉल क्लबात जाऊन त्या द्वाराची फीत कापावी, यात मला फार समाधान वाटले. संघाच्या नावाआधी एटीके असो वा नसो, ते द्वार त्याच जागी राहिले असते.

मान मालकाच्या मर्जीवर सोडला तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमधील न्यूकॅसलमध्ये घडले आहे. त्या क्लबसाठी २०६ गोल करून विक्रम करणारे ॲलन शिअरर यांचे नाव मैदानावरील उपाहारगृहाला होते. २००७ मध्ये क्लब विकत घेतलेल्या माईक ॲश्ली यांच्या काळात, २०१३ मध्ये, ती पाटी उतरवली गेली. त्याआधी मैदानाचे ऐतिहासिक नावही वर्षभर त्यांच्या दुकानांच्या नावाखाली झाकले गेले होते. २०१६ मध्ये शिअरर यांचा पुतळा उभा राहिला तो माजी अध्यक्षांच्या कुटुंबाच्या खर्चाने, आणि तोही मैदानाच्या हद्दीबाहेर, रस्त्यालगत. २०२१ मध्ये क्लब विकला गेल्यावर पाटी परत लागली आणि २०२४ मध्ये पुतळा हद्दीच्या आत आला. नव्या मालकांमागे सौदी अरेबियाचा सरकारी पैसा आहे आणि त्यावर गंभीर आक्षेप आहेत, तरीही तिथले सामान्य पाठीराखे त्यांच्याकडे एवढ्या लवकर का वळले, हे समजून घ्यायचे असेल तर त्या पाटीचा आणि पुतळ्याचा प्रवास पाहावा. लंडनमधील विम्बल्डन या फुटबॉल क्लबचे उदाहरण याच्या उलट आहे. मालकांनी २००३ मध्ये संघच दुसऱ्या शहरात हलवला, पण पाठीराख्यांनी आदल्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला होता, आणि १९८८ च्या एफए चषकाची प्रतिकृती व जुन्या आठवणींच्या वस्तू २००७ मध्ये त्यांच्या मूळ गावात परत आणवून घेतल्या.

महाराष्ट्राकडे पाहिले की वाईट वाटते. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा संघ १९६२ पासून कंपनीचा संघ म्हणून उभा राहिला, २००३ आणि २००५ मध्ये त्याने फेडरेशन चषक जिंकला, डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. आज भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील त्या संघातून खेळले आहेत. पण त्या लाल जर्सीतील खेळाडूंची नावे एकत्र कोरलेली एखादी भिंत, वर्षातून एकदा त्यांना बोलावणारी एखादी संस्था, माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही. पुण्यात २०१४ मध्ये सुरू झालेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. बालेवाडीत केशरी जर्सी घालून ओरडणारी पोरे एका उन्हाळ्यात बिनसंघाची झाली. मुंबई सिटीत २०१९ मध्ये मँचेस्टरच्या प्रसिद्ध समूहाने मोठा हिस्सा घेतला, तेव्हा परके लोक आपला संघ काय जपणार अशी शंका अनेकांना होती. दोन शिल्ड आणि दोन चषक मिळाल्यावर ती विरली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये समूहाने आपला हिस्सा सोडला तेव्हा तेच पाठीराखे हळहळले. या संघांसाठी खेळलेल्यांचे ऋण मालकांनी मानले नाही, असा आरोप मी करत नाही. मालक गेला की ऋण मानणारे कोणी उरतच नाही, ही अडचण आहे, कारण मोहन बागानसारखी सभासदांची संस्था मागे उभी नसते.

आपल्याच राज्यात याला अपवाद आहे तो कोल्हापूरचा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ पेठांचे आहेत. तालमीत मारुतीशेजारी जुन्या वस्तादांचे फोटो लावलेले असतात आणि नवा पोरगा लाल मातीत उतरण्याआधी दोघांनाही नमस्कार करतो. ती रीत फुटबॉललाही लाभली. शाहू स्टेडियमवर सामना असला की साठी उलटलेला माजी खेळाडू पेठेतल्या पोरांमध्ये बसलेला असतो आणि त्याने कोणत्या सालच्या कोणत्या सामन्यात कसा गोल मारला हे त्याच्या शेजारचा दहा वर्षांचा मुलगा सांगू शकतो. जर्सीवर कोणत्या दुकानाचे नाव छापले आहे, यावर हे अवलंबून राहत नाही.

नाशिकमध्ये आपण काय करतो? गेल्या हिवाळ्यात शहरातील एका स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मी गेलो होतो. व्यासपीठावर प्रायोजक आणि त्यांचे स्नेही अशा चौदा जणांना शाल-श्रीफळ देण्यात आले आणि त्यात पाऊण तास गेला. दोन्ही संघ तोवर उन्हात रांगेत उभे होते. सीमारेषेच्या दोरीबाहेर माझ्याशेजारी पंचाहत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. सामना सुरू झाल्यावर एक बॉल आमच्याकडे आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, अंगठ्याने दाबून हवा पाहिली, लागलेला चुना तळहाताने पुसला आणि खांद्यावरून असा फेकला की तो थेट आतल्या खेळाडूच्या हातात पडला. ते फेकणे पाहून मी विचारले, तेव्हा कळले की १९६० च्या दशकात ते गोलकीपर होते आणि देवळाली कॅम्पच्या लष्करी संघांविरुद्ध अनेकदा खेळले होते. पावसात भिजलेला चामड्याचा बॉल कसा दगड व्हायचा, जवानाची किक अडवताना करंगळी कशी मोडली, हे त्यांनी ती वाकडी करंगळी पुढे करून सांगितले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. बातमी वाचून ते सिटी बसने आले होते. बक्षीस समारंभाच्या वेळी मी एका कार्यकर्त्याला त्यांच्याविषयी सांगितले. तो मुलगा भला होता, पण व्यासपीठावरची नावे आधीच छापून झाली आहेत, आता काही करता येणार नाही, असे तो म्हणाला.

प्रायोजकांविषयी माझ्या मनात कोणतीही अढी नाही. मैदानाचे भाडे, पंचांचे मानधन, जर्सी, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका हा सारा खर्च कोणीतरी उचलतो म्हणून सामने होतात, आणि जो उचलतो त्याचा सत्कार व्हायलाच हवा. माझे म्हणणे इतकेच आहे की प्रायोजकाशी बोलणी करताना आयोजकांनी आणि क्लबांनी काही गोष्टी सौद्याबाहेर ठेवाव्यात. संघाचे मूळ नाव, रंग, जुने करंडक आणि जुन्या खेळाडूंची नोंद ही सभासदांच्या ताब्यात राहावी, आणि तसे कागदावर लिहून घ्यावे. उद्या नाशिकच्या एखाद्या संघाला मोठा मालक मिळाला, आणि तसा तो मिळावा अशी माझी इच्छा आहे, तर त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे काहीतरी असले पाहिजे. आज जुन्या संघांची साधी यादीही माझ्या माहितीत कोणाकडे नाही. शाळांच्या कपाटांत, मंडळांच्या ट्रंकांत, कारखान्यांच्या क्रीडा विभागांत जुने फोटो आणि प्रमाणपत्रे वाळवीच्या तोंडी जात आहेत, आणि ज्यांना त्यातील चेहरे ओळखता येतात ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. अंतिम सामन्याचा चषक दरवर्षी एका जुन्या खेळाडूच्या हस्ते द्यावा, त्याला घरून आणण्या-नेण्याची सोय करावी, आणि तो कोणत्या साली कोणत्या संघाकडून खेळला हे दोन मिनिटे सांगावे, याला पैसा लागत नाही. मैदानाच्या एका भिंतीवर नावे रंगवायला लागेल तो खर्च आम्हा निवृत्त मंडळींना जड नाही.

त्या गृहस्थांच्या घरी मी नंतर दोनदा जाऊन आलो. त्यांच्याकडे १९६७ सालचा संघाचा एक फोटो आहे, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कोपरे झिजलेले, मागे काहीही लिहिलेले नाही. अकरापैकी सात जणांची नावे त्यांनी मला बोट ठेवून सांगितली आणि चार जणांपाशी ते थांबले. मागच्या रांगेतील डावीकडून दुसरा खेळाडू देवळाली गावातला होता आणि उजव्या पायाने कॉर्नर घ्यायचा, एवढे त्यांना आठवते, नाव आठवत नाही. त्यांच्या परवानगीने त्या फोटोची प्रत मी या पत्रासोबत पाठवत आहे. आपण ती छापावी, आणि ज्या वाचकांना त्या चौघांपैकी कोणी ओळखता येईल त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावे, अशी विनंती आहे. नावे मिळाली की मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि फोटोच्या मागे लिहीन.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
नाशिक रोड